धूम्रकेशाच्या मरणाला ना हरकत

सहदेव तोरस्करने उभ्या आयुष्यात एकच माणूस मारला, तोही कागदावर, आणि त्यासाठीसुद्धा त्याला सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र घ्यावं लागलं. मुलुंडला पूर्वेला राहायचं म्हणजे हे आलंच. तिथल्या नवप्रभात सोसायटीत गच्चीवर पापड वाळत घालायचे तरी सेक्रेटरीच्या कानावर घालावं लागतं. मग माणूस मारायचा म्हणजे रीतसर अर्ज करावाच लागणार.

सहदेव पाणीखात्यात कारकून होता. नळाला पाणी का येत नाही, अशी तक्रार आली की 'आपल्या विभागात लवकरच मुबलक पाणीपुरवठा होईल' असं उत्तर लिहून पाठवायचं, हे त्याचं काम. म्हणजे अद्भुतरम्य लेखनाचा सराव त्याला नोकरीतच झाला होता, पण त्या लेखनाखाली सही साहेबाची असे. कधीतरी आपल्या नावाने काहीतरी छापून यावं, ही त्याची जुनी इच्छा होती. ती पुरी केली घाटकोपरच्या अंबादासने.

अंबादासची पुढच्या बाजूला भाड्याने पुस्तकं देणारी लायब्ररी होती आणि मागच्या बाजूला छापखाना. रद्दीत त्याला एका इंग्रजी कादंबरीमालेचे जाडजूड खंड सापडले होते. पहिला खंड शाबूत होता, दुसरा नव्हताच, आणि तिसऱ्याची शेवटची पानं कुणीतरी फाडून नेली होती. एवढ्या अभ्यासावर अंबादासने या साहित्यप्रकाराचं शास्त्र बसवलं आणि सहदेवला समोर बसवून शिकवलं.

"पोरगा अनाथ पाहिजे," अंबादास म्हणाला.

"आणि आईवडील?"

"ते पहिल्या पानाच्या आधीच मेलेले. शेतकऱ्याच्या घरी वाढलेला, पण आतून राजाचा. अंगावर कुठेतरी खूण टाक. मग गाव जाळायचं."

"कोणाचं?"

"त्याचंच रे! गाव जळल्याशिवाय पोरगा घराबाहेर कशाला पडेल? मग त्याला एक म्हातारा भेटतो. दाढी, काठी, सगळं. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक असतं, पण तो सांगत नाही."

"का सांगत नाही?"

"सांगितलं तर सात भाग होतील का?"

हे सहदेवला पटलं. पाणीखात्यातही सगळं ठाऊक असलेला माणूस काही सांगत नसे आणि त्यावरच खातं चालत असे. पुढे अंबादासने आणखी बरंच सांगितलं. एक भविष्यवाणी हवी, पण तिचा अर्थ कुणालाच लागता कामा नये, लेखकाला तर नाहीच. नावांत जोडाक्षर हवं, कारण जोडाक्षराशिवाय वाचकाला भीती वाटत नाही. पहिल्या पानावर नकाशा हवा, आणि नकाशात जेवढी ठिकाणं काढली तेवढी सगळी पुढे पायी हिंडायची. आणि एक दुष्ट सम्राट हवा, जो शेवटच्या भागापर्यंत कोणाला दिसत नाही.

"पण तो सम्राट नेमकं करतो काय?" सहदेवने विचारलं.

"लांब राहतो आणि वाईट असतो," अंबादास म्हणाला. "जास्त विचार करू नकोस, लिहायला लाग."

अशा रीतीने 'सप्तशिखरांचा शाप' या महामालेचा पहिला भाग जन्माला आला. त्यात अरिंजय नावाचा अनाथ पोरगा होता, त्याच्या पाठीवर चंद्रकोर होती, वज्रजिव्हा नावाची तलवार होती आणि काळनेत्र नावाचा सम्राट होता. नकाशासाठी सहदेवला फार लांब जावं लागलं नाही. खिडकीतून दिसणारी मिठागरं म्हणजे श्वेतमरू, मागचा नाला म्हणजे कृष्णसरिता, आणि सोसायटीची पाण्याची टाकी म्हणजे काळनेत्राचा मनोरा. टाकीची किल्ली सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांच्याकडे असे. पण त्याचा परिणाम काय होईल, हे नकाशा काढताना सहदेवच्या डोक्यात आलं नाही. त्याच्या डोक्यात गोष्टी नेहमी छापून झाल्यावरच येत.

राहिला म्हातारा. सहदेवने आयुष्यात कधी ऋषी पाहिला नव्हता. पण त्याच्या घरात, बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर, त्याचे सासरे नाना सावंत बसलेले असत. नाना मूळचे मालवणकडचे. परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आयुष्य गेलं, मग संप झाला आणि गिरणी बसली ती उठलीच नाही. त्यांची बायको आधीच गेली होती, म्हणून वसुधाने, म्हणजे सहदेवच्या बायकोने, वडिलांना आपल्याकडे आणलं. गिरणी नाही तर रोज दाढी कशाला करायची हे नानांना कळेना, म्हणून ती छातीपर्यंत वाढली होती. हातात काठी, मांडीवर तंबाखूची चंची, आणि कुणी काही विचारलं की आधी खोकायचं, मग लांब बघायचं आणि मग "बघूया" म्हणायचं. सहदेवने हे सगळं जसंच्या तसं उचललं आणि त्याला धूम्रकेश असं नाव दिलं.

पहिला भाग निघाला आणि प्रसिद्ध झाले ते नाना. सहदेवला ऑफिसात एका शिपायाने "ते तुम्हीच का?" असं विचारलं, एवढाच काय तो त्याचा सन्मान. पण नाना जिन्यातून खाली उतरले की माणसं बाजूला होऊ लागली. पहिल्या मजल्यावरची पोरं त्यांना धूम्रकेश आजोबा म्हणत. शेजारच्या जानकीकाकू मुलीचं स्थळ पक्कं करण्याआधी त्यांच्यापुढे येऊन बसल्या. नाना खोकले, लांब बघितलं आणि "बघूया" म्हणाले. स्थळ फिसकटलं आणि महिन्याभरात मुलाच्या भानगडी बाहेर आल्या. मग काय, नवप्रभात सोसायटीत नानांना विचारल्याशिवाय कोणी फ्रीजसुद्धा घेईना. नाना ताठ चालू लागले, संध्याकाळी धुतलेला सदरा घालून खाली बाकावर बसू लागले. वसुधा त्यांच्याकडे बघून मनातल्या मनात सुखावत असे, आणि खरं सांगायचं तर थोडं श्रेय नवऱ्यालाही देत असे. तिच्याकडून इतकं मिळणं ही सहदेवच्या संसारात साधी गोष्ट नव्हती.

गाडी रुळावरून घसरली ती दुसऱ्या भागात. अंबादासच्या शास्त्राप्रमाणे दुसऱ्या भागाच्या शेवटी म्हातारा मरतो. "मरावाच लागतो," अंबादासने बजावलं होतं. "तो जिवंत असेपर्यंत पोरगा स्वतः काही करत नाही. प्रत्येक गोष्ट म्हाताऱ्याला विचारत बसतो." सहदेवने इमानेइतबारे धूम्रकेशाला हिमशिखरावर नेलं आणि मारलं. त्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसल्यामुळे स्वच्छ प्रत वसुधा काढत असे. ती स्वयंपाकघरात पाटावर बसून लिहीत होती आणि सहदेव बाहेर पेपर वाचत होता, तेवढ्यात आतून आवाज आला.

"अहो! तुम्ही माझ्या वडिलांना मारलंत!"

वसुधाचा आवाज तसा खणखणीत. खोलीत दिवाणावर नाना होते आणि भिंतीपलीकडे जानकीकाकू होत्या. ऐकू गेलं नाही असं कोणी राहिलंच नाही.

"अगं, तो धूम्रकेश आहे," सहदेव आत जाऊन कुजबुजला. "तसा नियमच आहे. दुसऱ्या भागात म्हातारा मरतो."

"कोणी केला नियम?"

"अंबादासने."

"मग त्याच्या सासऱ्याला मारा म्हणावं," वसुधा म्हणाली आणि पेनाचं टोपण लावून मोकळी झाली.

नाना उठले, काठी दाराआड ठेवली, सहदेवचं दाढीचं सामान घेतलं आणि मोरीत गेले. बाहेर आले तेव्हा दाढी नव्हती. दाढीमागे इतका लहान चेहरा आहे याची कोणाला कल्पनाच नव्हती. मग ते दिवाणावर भिंतीकडे तोंड करून बसले. त्या संध्याकाळी ते खाली गेले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत, आणि सहदेवशी बोलणं त्यांनी बंदच केलं. समोर ताट आलं की अर्धी भाकरी खायची आणि हात धुवायचा. सहदेव गोंधळून गेला. त्याने तर एका काल्पनिक माणसाला काल्पनिक डोंगरावर मारलं होतं, आणि घरात खरोखरीचं सुतक आल्यासारखं झालं होतं.

नानांनी दाढी काढली ही बातमी चौथ्या मजल्यावर पोचायला वेळ लागला नाही. सकाळी दूध आणायला गेलेल्या सहदेवकडे लोक तो पाकीटमार असल्यासारखे बघू लागले. ऑफिसातून अंबादासला फोन केला तर तो वेगळंच सांगू लागला.

"गणपतीच्या आधी भाग बाजारात पाहिजे. तुला जमत नसेल तर माझा भाचा बसलाय तयार. त्याने नमुन्याच्या प्रकरणात सहा जण मारून दाखवलेत. एकाचंही काळीज हललं नाही."

म्हणजे म्हाताऱ्याला मारलं नाही तर महामाला भाच्याकडे जाणार, आणि सहदेव पुन्हा साहेबाच्या सहीसाठी मुबलक पाणीपुरवठा लिहीत बसणार. मारलं तर घरातला म्हातारा भिंतीकडे तोंड करून संपणार. सहदेवला दोन्ही नको होतं. अशा वेळी शहाणा माणूस ज्याचं दुखलंय त्याला जाऊन विचारतो. सहदेवने त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारलं.

दुसऱ्या मजल्यावरचे राजाराम सर म्युनिसिपल शाळेत शिकवत. मूळचे ते परभणीकडचे. घरात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती आणि कपाटभर पुस्तकं. सोसायटीत पहिला भाग पेन्सिलीने खुणा करत वाचलेले ते एकटेच होते. सहदेवने आपली अडचण सांगितली. सरांनी चष्मा वर केला.

"म्हाताऱ्याचं नंतर बघू. मला आधी त्या चंद्रकोरीचं सांगा, तोरस्कर. पोरगा शेतकऱ्याच्या घरात वाढला, नांगर धरला, तोवर मला पटत होतं. मग एकदम पाठीवर चंद्रकोर निघते आणि तलवार त्याला ओळखते. म्हणजे राज्य करायची अक्कल येते ती जन्मावरूनच का? शेतकऱ्याचं पोर शेतकऱ्याचंच राहून राजा झालं तर तुमच्या सम्राटाचं काही बिघडतं?"

"अंबादास म्हणाला की तो आतून राजाचा पाहिजे."

"आतून सगळे सारखेच असतात," राजाराम सर म्हणाले. "आणि म्हाताऱ्याला मारायचं की नाही, हे म्हाताऱ्याला विचारा."

हा एवढा सरळ सल्ला होता की सहदेवला तो सल्ला वाटलाच नाही. तो एका अडचणीचं उत्तर मागायला गेला होता आणि येताना दुसरी घेऊन आला, एवढंच त्याच्या लक्षात आलं.

जानकीकाकूंकडे मात्र उपाय तयार होता. "देवाक कौल लावया," त्या म्हणाल्या. गावी रवळनाथाला विचारल्याशिवाय त्यांच्या घरात विहीरसुद्धा खणली गेली नव्हती. देव्हाऱ्यातल्या नारळाला त्यांनी दोन बाजूंनी दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर म्हाताऱ्याला मारायचं, डावी पडली तर ठेवायचं. काकूंनी गाऱ्हाणं घातलं, सहदेवने हात जोडले. वीज गेलेली होती आणि खोलीत पान हलत नव्हतं. पाकळ्या पडायचं नाव घेईनात. इतक्यात वीज आली, पंखा गरगरला आणि दोन्ही पाकळ्या एकदम उडाल्या. एक देवाच्या फोटोमागे गेली आणि दुसरी सहदेवच्या चहात पडली.

काकूंनी बराच विचार केला. "अर्धो मार," त्या म्हणाल्या.

देवाचा शब्द मोडायचा नाही म्हणून सहदेवने रविवारी बसून प्रकरण नव्याने लिहिलं. आता धूम्रकेश मरत नव्हता, तो खोल दरीत पडत होता. अंबादासने दोन पानं वाचली आणि कागद बाजूला सारले.

"दरीत पडलेला माणूस मेलेला नसतो. हे वाचकाला माहीत असतं रे. मला प्रेत दाखव."

तोवर इकडे प्रकरण सोसायटीच्या फळ्यावर गेलं होतं. 'तातडीची सभा. विषय: श्री. तोरस्कर यांच्या कादंबरीत होऊ घातलेला मृत्यू.' खाली चंद्रप्रकाश यांची सही आणि शिक्का. चंद्रप्रकाश यांचा भांडुपला नटबोल्टचा कारखाना होता आणि नियमांवर त्यांचा फार जीव होता. काळनेत्र म्हणजे आपणच, हे नकाशातली टाकी बघून त्यांनी ओळखलं होतं, पण राग धरला नव्हता. उलट जिन्यात सहदेवला थांबवून त्यांनी त्या पात्राची बाजू मांडली होती. "तोरस्करसाब, तो सात राज्यांचं पाणी बंद करतो, ठीक आहे. पण का करतो ते लिवा ना. टाकी साफ नको करायला?" सहदेवला आयुष्यात पहिल्यांदा दुष्ट सम्राटाचं म्हणणं कळलं होतं.

सभा जिन्याखालच्या मोकळ्या जागेत भरली. नाना येणार नाहीत असं सगळ्यांना वाटत होतं, पण वसुधाने त्यांना हाताला धरून आणलं आणि खुर्चीवर बसवलं. बिनदाढीचे नाना बघून बायका हळहळल्या. जानकीकाकूंनी देवाने अर्धा कौल दिल्याचं सभेला सांगितलं. तळमजल्यावरच्या कोणीतरी सूचना मांडली की संस्थेतल्या कोणाही ज्येष्ठ सभासदाला सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय कादंबरीत मारू नये. टाळ्या पडल्या. ठराव मंजूर होणार, तेवढ्यात चंद्रप्रकाश यांनी उपविधींचं पुस्तक उघडलं.

"एक मिनिट. ठराव सभासदाबद्दल आहे. फ्लॅट तोरस्करांच्या नावावर आहे. नाना सभासद कुठे आहेत? नाना तर पाहुणे आहेत. त्यांना हा ठराव लागू पडत नाय."

राजाराम सर उठून म्हणाले, "जो माणूस रोज या जिन्यातून चढतो-उतरतो, तो पाहुणा कसा?" मग सगळ्यांनी सहदेवकडे बघितलं. हीच बोलायची वेळ होती. माणसाने उठावं, ते माझ्या घरचे आहेत असं ठणकावून सांगावं आणि खाली बसावं. सहदेव उठलासुद्धा. पण पाणीखात्यात मुरलेला माणूस गोंधळला की त्याच्या तोंडून जे निघतं, तेच निघालं.

"कोणत्या उपविधीनुसार?" त्याने विचारलं.

चंद्रप्रकाश यांनी उपविधी वाचून दाखवला आणि सहदेवने सवयीने मान डोलावली. नाना खुर्चीवरून उठले आणि कठड्याला धरत जिना चढून गेले. वसुधाने नवऱ्याकडे एकदाच बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं, असं सहदेवला वाटलं.

तो वर आला तेव्हा नाना दिवाणावर कापडी पिशवी भरत होते. दोन लेंगे, दोन सदरे, चंची, बायकोचा फोटो. गावचं घर गेली कित्येक वर्षं बंद होतं, तिथे चुलीत वारूळ झालं असेल. वसुधा स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. आता मात्र विचारायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"नाना," सहदेव त्यांच्यासमोर खाली बसला, "मी नाही मारत त्याला. गेला खड्ड्यात अंबादास. लिहू दे भाच्याला. पण तुम्ही जाऊ नका."

नाना थांबले. कितीतरी दिवसांनी त्यांनी जावयाकडे बघितलं. "मरणाक भियान कसा चलात, जावयबापू? गिरणीत साच्यात हात गेलेली माणसा बघितलंय मी. माका मरणाचा काय नाय."

"मग?"

"तुमी काय लिवलास ता माका कोणी वाचून दाखवला नाय. बारीक अक्षर माका दिसत नाय. लोक बोलले, ताच ऐकलंय. वाचा."

सहदेवने कागद आणले आणि वाचायला सुरुवात केली. दरीतला नाही, पहिलाच मृत्यू. हिमशिखरावर धूम्रकेश कोसळला. त्याने अरिंजयच्या हातात वज्रजिव्हा दिली आणि म्हणाला, पुढे जा, मागे वळून बघू नकोस. अरिंजय पलटण घेऊन पुढे गेला. बर्फ पडू लागलं. पहाटेपर्यंत त्या पांढऱ्या दाढीचा मागमूसही राहिला नाही. सहदेवला हे वाक्य फार आवडलं होतं. वाचताना त्याचा आवाजही थोडा चढला.

"हेका चेडू नाय?" नानांनी विचारलं.

"काय?"

"ह्या म्हाताऱ्याक. बायल, चेडू, कोण नाय? हेचा घर खय?"

सहदेवने कागद मागेपुढे चाळले. अंबादासच्या शास्त्रात म्हाताऱ्याला बायको नसते, मुलगी नसते, घर नसतं. तो कुठून येतो, कुठे जेवतो, आजारी पडला तर कोणाकडे जातो, हे त्या जाडजूड खंडांत कोणी विचारलेलं नसतं, आणि सहदेवनेही विचारलं नव्हतं. दाढी घेतली, काठी घेतली, खोकला घेतला. घर घ्यायचं राहूनच गेलं.

"मी हय ऱ्हवतंय," नाना म्हणाले. "माझ्या चेडवाच्या हातचा जेवतंय. तुमी कामावरसून येतास तेव्हा माझी खोकल्याची बाटली आणतास. आणि पुस्तकात माका डोंगरार एकटो टाकून सगळे फुडे गेलास. मरतना तोंडात पाणी घालूक एक माणूस नाय? लोक वाचतले ता. म्हणतले, सावंताक कोण नाय होता." ते थांबले आणि पिशवीची नाडी ओढली. "आज खाली पण तसाच झाला."

सहदेवला रडू आलं. तो पाणीखात्यातला कारकून होता, महामालेचा लेखक होता, दोन खोल्यांच्या घराचा मालक होता, आणि तरी त्याला रडू आलं. "चुकलं माझं," तो म्हणाला. "मी पुन्हा लिहितो."

"लिवा. मगे बघूया," नाना म्हणाले. पिशवी त्यांनी दिवाणाखाली सरकवली, पण उघडली नाही.

सहदेवने रजा टाकली आणि लिहायला बसला. वसुधा पाटावर बसून स्वच्छ प्रत काढत होती आणि अधूनमधून न विचारता दुरुस्त्याही करत होती. पूर्ण झालेलं प्रकरण घेऊन तो घाटकोपरला गेला. अंबादासने पानं उलटली आणि कपाळाला हात लावला.

"हिमशिखरावर म्हाताऱ्याची मुलगी आली कुठून?"

"घरून."

"आणि हा कोण धापा टाकत चढतोय?"

"जावई."

"अरे यार, सात राज्यांच्या लढाईत जावई कधी पाहिलायस? त्याला नाव तरी दे. त्यात जोडाक्षर टाक."

"जावयाला नाव लागत नाही," सहदेव म्हणाला. आयुष्यात इतक्या ठामपणे तो कोणाशी बोलला नव्हता. "छापायचं तर असंच छाप. नाहीतर भाच्याला बोलव."

अंबादास चिडून पुढे वाचू लागला. वाचता वाचता त्याने एकदा चष्मा काढून पुसला. "मालेची वाट लागली असं मी धरून चालतो," तो म्हणाला. "पण प्रेत आहे एवढं खरं. छापतो."

रविवारी सकाळी कच्ची छापील पानं घेऊन सहदेव दिवाणासमोर बसला. दार उघडं होतं, कारण मुलुंडला दार लावून काही वाचता येत नाही. जानकीकाकू आल्या, राजाराम सर आले. चंद्रप्रकाश तर हातात कागद घेऊनच आले. रात्रभर विचार करून त्यांनी आपल्या अधिकारात वाट काढली होती. 'संस्थेतील रहिवासी व तोरस्कर कुटुंबाचे घटक श्री. नाना सावंत ऊर्फ धूम्रकेश यांच्या मृत्यूस, त्यांची स्वतःची संमती असल्यास, संस्थेची हरकत नाही.' त्यावर गोल शिक्का होता. नानांनी कागद लांब धरून बघितला, 'कुटुंबाचे घटक' हे शब्द चंद्रप्रकाश यांच्याकडून दोनदा वाचून घेतले आणि मान हलवली. मग भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले.

सहदेव वाचू लागला. धूम्रकेश कोसळला. त्याने अरिंजयला जवळ बोलावलं आणि जे सात भागांत सांगायचं नव्हतं ते एका दमात सांगून टाकलं. पोरा, तुझ्या पाठीवरची चंद्रकोर राजाची नाही. लहानपणी तू चुलीजवळ पडलास, त्याचा तो डाग. तू शेतकऱ्याचाच. तरीही राज्य तूच कर. राजाराम सरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि काहीच खूण न करता परत ठेवली. मग धूम्रकेशाची मुलगी वर पोचली. तिने बापाचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या मागून जावई आला. तो वाटेत दोनदा चुकला होता, त्याच्या हातातला तांब्या हिंदकळून अर्धा झाला होता, पण अर्धा शिल्लक होता. त्याने गुडघे टेकले आणि म्हाताऱ्याच्या तोंडात पाणी घातलं. पलटण थांबली होती. कोणीही पुढे गेलं नाही. सम्राट वाट बघत होता, तर बघू दे म्हणाले. लाकडं आणली, रीतीप्रमाणे सगळं केलं आणि मगच ते डोंगर उतरले.

वाचून संपलं. जानकीकाकू पदर डोळ्यांना लावून हुंदके देत होत्या. चंद्रप्रकाश खिडकीतून पाण्याच्या टाकीकडे बघत होते. नाना हलले नाहीत. डोळे मिटलेले, हनुवटी छातीवर. गालांवर पांढरे खुंट उगवले होते.

"नाना?" वसुधा म्हणाली.

नानांनी डोळे उघडले. पंच्याने ते नीट पुसले, नाक पुसलं आणि जमलेल्या सगळ्यांकडे एकदा फिरून बघितलं.

"बरो मेलंय मी," ते म्हणाले. मग वाकून दिवाणाखालची पिशवी ओढली, ती वसुधाच्या हातात दिली आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितला.